मिठाईचे कारखानदार व नामांकित बल्लवाचार्य : काही अलीकडील चरित्रग्रंथांचे साधनदृष्ट्या परीक्षण

१

राजे, मुत्सद्दी, सेनानी, सुधारक आणि संत यांची चरित्रे इतिहासाचा अभ्यासक आदराने हाती घेतो; हलवायाचे किंवा आचाऱ्याचे चरित्र मात्र फुरसतीचे वाचन म्हणून बाजूस ठेवतो. हा संकेत कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी तो पाळला जातो. वास्तविक साखर, कोको आणि दूध या तीन पदार्थांच्या व्यापारात गेल्या दोन शतकांतील वसाहती, यंत्रे, मजुरी आणि जाहिरात यांचा इतिहास साठविलेला आहे; आणि राजवाड्यातील मुदपाकखान्यापासून शेअरबाजारात नोंदलेल्या उपाहारगृहापर्यंत आचाऱ्याचा जो प्रवास झाला, त्यात यजमान व सेवक यांच्या नात्याचे सगळे स्थित्यंतर दिसते. तेव्हा विषय हलका म्हणून ग्रंथ हलका, असे अनुमान काढणे बरोबर होणार नाही.

इ. स. १९९९ ते २०१२ या काळात इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आठ ग्रंथ प्रस्तुत लेखासाठी निवडले आहेत. चॉकलेटच्या कारखानदारांविषयी जोएल ग्लेन ब्रेनर यांचा 'द एंपरर्स ऑफ चॉकलेट' (१९९९), मायकेल डी'अँटोनिओ यांचा 'हर्शी' (२००६) आणि डेबोरा कॅडबरी यांचा 'चॉकलेट वॉर्स' (२०१०) हे तीन. कोकोच्या मळ्यांवरील गुलामगिरीच्या प्रकरणाविषयी लोवेल सॅट्रे यांचा 'चॉकलेट ऑन ट्रायल' (२००५) व कॅथरीन हिग्ज यांचा 'चॉकलेट आयलंड्स' (२०१२) हे दोन. आणि बल्लवाचार्यांविषयी इयन केली यांचा 'कुकिंग फॉर किंग्ज' (२००३), रूडॉल्फ केल्मिन्स्की यांचा 'द परफेक्शनिस्ट' (२००५) व रूथ कॉवेन यांचा 'रेलिश' (२००६) हे तीन. यांपैकी काही पत्रकारांनी, काही व्यवसायी इतिहासकारांनी लिहिले आहेत. त्यांची शैली निरनिराळी आहे आणि योग्यताही सारखी नाही. त्या सर्वांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे : हे चरित्र कोणत्या साधनांवर उभे आहे, आणि त्या साधनांच्या कक्षेबाहेर कोण राहिले आहे?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या १८९८ च्या पहिल्या खंडापासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपल्यापुढे ठेवला. बखर ही घटनेनंतर, स्मरणावर विसंबून आणि कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिली जाते. अस्सल कागद हा त्या वेळच्या व्यवहारातून जन्मतो. तिसरा प्रकार घराण्याच्या कैफियतीचा. तीत आपला हक्क व आपली कुलकीर्ती सिद्ध करण्याचा हेतू असतो. बर्मिंगहॅमच्या कारखानदाराला किंवा पॅरिसच्या आचाऱ्याला ही मोजपट्टी लावणे प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु ती येथे किती चपखल बसते हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

२

प्रथम कैफियतीचा प्रकार पाहू. डेबोरा कॅडबरी या कॅडबरी घराण्याच्या दूरच्या नात्यातील. त्यांच्या ग्रंथाला निमित्त झाले ते क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने इ. स. २०१० मध्ये कॅडबरी कंपनी विकत घेतल्याचे. जॉन कॅडबरी याने १८२४ मध्ये बर्मिंगहॅम येथे दुकान थाटले. त्याचे पुत्र रिचर्ड व जॉर्ज यांनी १८६१ मध्ये डबघाईस आलेला धंदा हाती घेतला. व्हॅन हाउटेनच्या दाबयंत्राचा उपयोग करून १८६६ मध्ये त्यांनी शुद्ध कोकोची भुकटी बाजारात आणली. आणि १८७९ मध्ये गावाबाहेर बॉर्नव्हिल येथे नवा कारखाना उभारला. या क्रमाचे वर्णन लेखिकेने मोठ्या हातोटीने केले आहे. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे रौंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी ही तीनही घराणी क्वेकर पंथाची होती. त्या पंथाच्या लोकांना विद्यापीठांची व अनेक प्रतिष्ठित व्यवसायांची दारे दीर्घकाळ बंद होती. मद्यास त्यांचा विरोध होता. म्हणून मद्याला पर्याय ठरणारे कोकोचे पेय त्यांना धंदा आणि धर्म या दोन्ही दृष्टींनी मानवले. पंथाच्या नियमांचा व्यापारी प्रामाणिकपणाशी असलेला संबंध लेखिकेने चांगला उलगडला आहे.

परंतु ग्रंथाची सारी रचना 'नीतिमान पूर्वज आणि लोभी वारस' या विरोधावर उभी आहे. क्राफ्टने सॉमरडेल येथील कारखाना चालू ठेवण्याचे आश्वासन देऊन, कंपनी हाती येताच ते मागे घेतले, ही गोष्ट खरीच आहे. तथापि तिच्या प्रकाशात मागील दीड शतक अधिक उजळ दिसू लागते, आणि कैफियतीचा हाच धोका असतो. गादी गेल्यावर लिहिलेल्या कैफियतीत गादीवर बसलेले सगळे पुरुष पुण्यश्लोक होतात.

या ग्रंथाला खरे उत्तर मिळते ते सॅट्रे आणि हिग्ज यांच्या ग्रंथांत. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील साओ तोमे व प्रिन्सिपे ही बेटे त्या वेळी पोर्तुगालच्या ताब्यात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरी कंपनीच्या कोकोपैकी जवळजवळ निम्मा माल तेथून येत असे. इ. स. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी याच्या पाहण्यात एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. तीत जमीन, इमारती व गुरे यांच्याबरोबर दोनशे काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड, अशी नोंद होती. कायद्याने गुलामगिरी रद्द झालेली होती. हे मजूर 'सेर्विसाइस' म्हणजे करारबद्ध सेवक म्हणविले जात. अंगोलातून त्यांना पाच वर्षांच्या करारावर आणले जाई. कराराची मुदत संपली की तो आपोआप पुढे चालू होई, आणि बेटावरून अंगोलास परत गेलेला मजूर क्वचितच आढळे. विक्रीच्या त्या एका ओळीने कराराचा सगळा बुरखा दूर केला होता. अस्सल कागदाचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. मजुराला मालमत्ता म्हणून दाखविण्यात आपण काही कबूल करीत आहो, याची शंकाही जाहिरात देणाऱ्यास आली नाही.

यानंतर काय घडले? कंपनीने कोकोची खरेदी लगेच थांबविली नाही. पत्रव्यवहार झाला, पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या भेटी झाल्या. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने १९०४–०५ मध्ये अंगोला व बेटांचा प्रवास करून १९०६ मध्ये 'अ मॉडर्न स्लेव्हरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दरम्यान कंपनीने जोसेफ बर्ट याला चौकशीसाठी पाठविले. त्याचा प्रवास १९०५ ते १९०७ असा चालला आणि त्याचाही निष्कर्ष प्रतिकूलच निघाला. स्वतः विल्यम कॅडबरी १९०८ मध्ये आफ्रिकेस गेला, आणि मार्च १९०९ मध्ये तेथील कोको न घेण्याचा निर्णय जाहीर झाला. जाहिरात दृष्टीस पडल्यापासून निर्णयापर्यंत आठ वर्षे लोटली.

या विलंबावर 'स्टँडर्ड' पत्राने सप्टेंबर १९०८ मध्ये कडक टीका केली. त्या टीकेला राजकीय धार होती. जॉर्ज कॅडबरी याच्या मालकीचे 'डेली न्यूज' हे पत्र दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर चिनी मजुरांना ज्या रीतीने राबविले जाई तिला गुलामगिरी म्हणून झोडपीत असे. तेव्हा त्याच घराण्याचा कोको गुलामांच्या हातून येतो, हे विरोधकांना आयतेच सापडले. कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅम येथे खटला चालला. फिर्यादींच्या बाजूने रूफस आयझॅक्स आणि प्रतिवादींच्या बाजूने एडवर्ड कार्सन असे नाणावलेले वकील उभे होते. ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरविली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा!

सॅट्रे यांचा ग्रंथ या खटल्याभोवती गुंफलेला आहे. फिर्यादी खोटे ठरले नाहीत आणि निर्दोषही ठरले नाहीत, ही गुंतागुंत त्यांनी कोणताही आवेश न आणता मांडली आहे. खरेदी चालू ठेवल्यानेच पोर्तुगीजांवर आपला दाब राहील, हा कंपनीचा युक्तिवाद ते थट्टेवारी नेत नाहीत; पण त्याच वर्षांत गोल्ड कोस्टमधून पर्यायी कोको मिळण्याची वाट पाहिली जात होती, हेही दृष्टिआड होऊ देत नाहीत. हिग्ज यांची दृष्टी निराळी आहे. त्या बर्टच्या मागोमाग बेटे, अंगोला, मोझांबिक आणि ट्रान्सव्हाल असा प्रवास करतात आणि एका सज्जन इंग्रजाच्या मनात 'मजूर' व 'गुलाम' यांमधील रेषा कशी सरकत गेली ते दाखवितात. त्यांनी पोर्तुगीज साधनांचाही उपयोग केल्यामुळे प्रकरणाची दुसरी बाजू कळते. पोर्तुगीज दप्तरांशी ज्यांचा परिचय आहे अशा गोव्याच्या अभ्यासकांना हा ग्रंथ विशेष उपयोगी पडेल.

तथापि दोन्ही ग्रंथांच्या अखेरीस एक पोकळी उरते. ज्यांच्या श्रमाविषयी न्यायालयात युक्तिवाद झाले, त्यांपैकी एकाचीही साक्ष तेथे झाली नाही. त्यांचे जे काही शब्द उरले आहेत ते नेव्हिन्सनच्या किंवा बर्टच्या वहीतून, दुभाष्याच्या तोंडून आलेले. हा दोष ग्रंथकारांचा नव्हे. तो साधनांचा आहे. पण साधनांचा दोष साधनांवर सोडून देणे हेही इतिहासकाराचे काम नव्हे, आणि दोघांनी या मौनाची जाणीव वाचकास करून दिली आहे.

३

अमेरिकन कारखानदारांच्या चरित्रांत साधनांची स्थिती आणखी वेगळी दिसते. मिल्टन हर्शी (१८५७–१९४५) याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जर्मन बनावटीची चॉकलेटची यंत्रे विकत घेतली. १९०० मध्ये आपला कॅरमेलचा कारखाना दहा लक्ष डॉलरला विकला. आणि पेनसिल्व्हानियातील आपल्या जन्मभूमीत कारखाना व त्याभोवती गाव वसविले. मूलबाळ नसल्याने १९०९ मध्ये त्याने पोरक्या मुलांसाठी शाळा काढली, आणि १९१८ मध्ये आपली जवळजवळ सर्व संपत्ती तिच्या विश्वस्त निधीस दिली.

डी'अँटोनिओ यांच्या ग्रंथाचा गुण हा की, या दातृत्वाने ते दिपून जात नाहीत. शाळेचा मूळ दस्तऐवज केवळ गोऱ्या मुलग्यांपुरता होता. गावाला निवडलेली नगरपालिका नव्हती. आणि १९३७ मध्ये मजुरांनी कारखान्यात ठाण मांडून संप केला तेव्हा, दूध विकले जाईना म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांनी व कंपनीनिष्ठ कामगारांनी आत घुसून त्यांना मारहाण करून बाहेर काढले. 'मायबाप' मालकाच्या गावात एवढा विखार कोठून आला, हा प्रश्न लेखक नेमका विचारतात. मालकाचा उपकार जेथे हक्काची जागा घेतो तेथे मागणी करणे म्हणजेच कृतघ्नपणा ठरतो, हे त्याचे उत्तर ग्रंथाच्या मांडणीतूनच मिळते. तरीही २००२ मध्ये विश्वस्तांनी कंपनी विकावयास काढली तेव्हा गावकरी, कामगार व शाळेचे माजी विद्यार्थी एकवटले आणि ती विक्री बारगळली. एकाच गावाने मालकाविरुद्ध केलेला संप आणि त्याच्या वारशासाठी दिलेला लढा ही दोन्ही त्याची खरी रूपे होत.

ब्रेनर यांच्या ग्रंथात हर्शीसमोर मार्स घराणे उभे आहे. या घराण्याची गुप्ततेविषयी ख्याती असल्याने लेखिकेला मुलाखतींवर बरीच भिस्त ठेवावी लागली. मुलाखत हे साधन जिवंत खरे. परंतु तीत आख्यायिका सहज शिरते. 'एम अँड एम' या गोळ्यांच्या जन्माची कथा पाहा. फॉरेस्ट मार्स याने स्पेनच्या यादवी युद्धात सैनिकांना साखरेचे कवच चढविलेल्या चॉकलेटच्या गोळ्या खाताना पाहिले आणि त्यावरून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. आता रौंट्री कंपनीच्या 'स्मार्टीज' या तशाच गोळ्या १९३७ पासून इंग्लंडात विकल्या जात होत्या, आणि फॉरेस्ट मार्स त्या वेळी इंग्लंडातच धंदा करीत होता. कथा खोटीच आहे असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण रणांगणावरील प्रेरणा ही प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातील प्रेरणेपेक्षा अधिक शोभिवंत असते, हे बखर वाचणाऱ्यास सांगावयास नको. गोळ्यांवरील दुसरे 'एम' हे ब्रूस मरी याच्या नावाचे होते. हर्शी कंपनीच्या अध्यक्षाचा हा मुलगा १९४१ मध्ये भागीदार झाला, म्हणून युद्धकाळात चॉकलेटचा पुरवठा निर्वेध झाला. ही व्यवहाराची बाजू ब्रेनर यांनी उत्तम उघड केली आहे.

४

बल्लवाचार्यांच्या चरित्रकारापुढील अडचण याहून मूलभूत आहे. त्याच्या नायकाची कृती निर्माण होते ती नाहीशी होण्यासाठीच. शिल्प उरते, चित्र उरते. पक्वान्न उरत नाही. आँतोनँ कारेम (मृत्यू १८३३) याच्या बाबतीत ही गोष्ट फार तीव्रतेने जाणवते. त्याने पॅरिसमध्ये बाइयी या हलवायाकडे उमेदवारी केली, ग्रंथालयात वास्तुशिल्पाची चित्रे अभ्यासिली आणि साखर, बदाम व पिठाची मंदिरे, मनोरे व भग्नावशेष रचले. तालेराँ, इंग्लंडचा प्रिन्स रीजंट आणि रॉथशील्ड यांच्याकडे त्याने स्वयंपाक केला. त्याची ती साखरेची वास्तुकला आज आपणांस कळते ती केवळ त्याच्याच ग्रंथांतील आकृत्यांवरून. 'ल पातिसिए रॉयाल पारिझियँ' (१८१५) पासून मृत्यूच्या वर्षी निघू लागलेल्या 'लार द ला क्विझीन फ्राँसेझ' पर्यंत त्याने ग्रंथांची मालिकाच रचली. आणि कीर्ती टिकविण्याचा मार्ग स्वयंपाकघरातून नव्हे, छापखान्यातून जातो, हे बहुधा त्यानेच प्रथम पूर्णपणे ओळखले.

इयन केली त्याला पहिला प्रसिद्धिपुरुष आचारी म्हणतात ते या अर्थाने यथार्थ आहे. मात्र त्याच्या बालपणाची, म्हणजे गरीब बापाने मुलाला पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिल्याची हृदयद्रावक कथा मुख्यतः त्याच्याच आठवणींवर आधारलेली आहे. केली स्वतः नट असल्याने अशा प्रसंगांत त्यांची लेखणी रमते. त्यांचा ग्रंथ खरा भक्कम होतो तो भोजनपत्रिकांच्या आधारे. जानेवारी १८१७ मध्ये ब्रायटन येथे रशियाच्या ग्रँड ड्यूक निकोलससाठी झालेल्या मेजवानीत शंभराहून अधिक पदार्थ होते. अशी पत्रिका हा अस्सल कागदच होय. तीवरून जिन्नस, हंगाम, नोकरवर्ग आणि दरबारी मानक्रम यांचे अनुमान काढता येते. कोंदट मुदपाकखान्यातील कोळशाच्या धुराने आचाऱ्यांचे आयुष्य कसे खुंटते, याविषयी कारेमने स्वतः लिहून ठेवले आहे. चरित्राच्या झगमगाटात ही नोंद विशेष मोलाची वाटते.

अलेक्सिस सोयर (१८१०–१८५८) याच्या चरित्रात तर भूक आणि मेजवानी समोरासमोर येतात. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा हा फ्रेंच आचारी १८४७ मध्ये, आयर्लंडातील बटाट्याच्या दुष्काळात, सरकारच्या विनंतीवरून डब्लिनला गेला. तेथे त्याने आदर्श सूपगृह उभारले. घंटा वाजली की शंभर माणसे आत येत, साखळीने बांधलेल्या चमच्यांनी सहा मिनिटांत सूप संपवीत, आणि दुसरी घंटा होताच बाहेर पडत. योजकता अद्भुत होती. परंतु सूपात काय होते? त्याच्या प्रसिद्ध कृतीत दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटर पाण्याला मांस अवघे पाव पौंड होते. या अन्नाच्या पोषकतेवर त्या वेळच्या वैद्यकीय नियतकालिकांनी आक्षेप घेतला होता.

कॉवेन यांनी सोयरची कल्पकता आणि त्याची प्रसिद्धीची हाव या दोहोंना न्याय दिला आहे. क्रिमियाच्या युद्धात त्याने केलेले काम आणि त्याची शेगडी, जी ब्रिटिश सैन्याने विसाव्या शतकातही दीर्घकाळ वापरली, यांचे वर्णन मनोवेधक आहे. परंतु डब्लिनचे प्रकरण त्यांनी नायकाच्या आयुष्यातील एक धाडस म्हणून रंगविले आहे. ते येथेच अपुरे पडते. जुलै १८४७ मध्ये आयर्लंडात दररोज सुमारे तीस लक्ष माणसे सूपावर जगत होती. भुकेल्याला किमान किती दिले असता तो मरणार नाही, हे सरकारने ठरविण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयोग होता. तीस वर्षांनी, १८७७ च्या दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल याने मजुराला रोज एक पौंड धान्याचे माप लावले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला, हे स्मरता सोयरच्या पाककृतीकडे आपण निव्वळ कुतूहलाने पाहू शकत नाही. दुष्काळातील पाककृती हा राज्यकारभाराचा कागद असतो.

५

केल्मिन्स्की यांचा ग्रंथ अगदी अलीकडच्या काळातील आहे. बर्नार लुआझो (१९५१–२००३) याने बर्गंडीतील सोल्यू येथील जुन्या पथिकाश्रमाला १९९१ मध्ये मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळवून दिले. १९९८ मध्ये त्याची कंपनी पॅरिसच्या शेअरबाजारात नोंदली गेली. आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच सुमारास गो-मिलो मार्गदर्शिकेने त्याचे गुण वीसपैकी १९ वरून १७ वर आणले होते, आणि तिसरा तारा जाणार अशी वदंता वृत्तपत्रांत उठली होती. पत्रांनी तत्काळ एक कारण ठरविले : समीक्षकांनी आचाऱ्याचा बळी घेतला. केल्मिन्स्की हा सोपा निष्कर्ष स्वीकारीत नाहीत. कर्ज, अविश्रांत श्रम, बदललेली अभिरुची आणि मनाचा दीर्घकालीन आजार ही सर्व सूत्रे ते एकत्र ठेवतात. कार्यकारणाच्या बाबतीत हा संयम अनुकरणीय आहे.

या ग्रंथानंतर साधनांत पडलेली भर मात्र ध्यानात घेतली पाहिजे. लुआझोचे तारे २००३ मध्ये कायम होते, आणि आपण त्याला धोक्याची सूचना दिली नव्हती अशी मिशलँची भूमिका होती. २०१३ मध्ये 'लेक्सप्रेस' या फ्रेंच साप्ताहिकाने नोव्हेंबर २००२ मधील भेटीसंबंधीचे अंतर्गत कागद प्रसिद्ध केले. त्यांवरून पाकाच्या दर्जाविषयीची काळजी त्याला तोंडी कळविण्यात आली होती असे दिसते. यावरून मृत्यूचे कारण सापडले असे मुळीच म्हणता येत नाही. पण दप्तर बंद असताना लिहिलेला इतिहास दप्तर उघडताच पुन्हा तपासावा लागतो, हे मात्र सिद्ध होते.

६

आठही ग्रंथ एकत्र वाचले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या ग्रंथाने नायकाच्या किंवा त्याच्या घराण्याच्या शब्दाबाहेरचा कागद शोधला, मग ती विक्रीची जाहिरात असो, दानाचा दस्तऐवज असो, भोजनपत्रिका असो वा सूपाची कृती, तो टिकाऊ झाला. जो आठवणींवर विसंबला तो वाचनीय झाला एवढेच. या निकषावर सॅट्रे व हिग्ज यांचे ग्रंथ प्रथम श्रेणीचे, डी'अँटोनिओ व केल्मिन्स्की यांचे त्यांच्या निकटचे, आणि उरलेले चार माहितीपूर्ण पण सावधपणे वापरावयाचे, असा क्रम लावता येईल.

आपल्याकडील अभ्यासकाला यातून कामाची दिशा मिळते. वालचंद हिराचंद यांचे विस्तृत चरित्र गं. दे. खानोलकर यांनी मराठीत लिहिले आहे. परंतु मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे ज्या हातांनी गोळ्या घडविल्या व कागदात गुंडाळल्या, त्यांचा इतिहास अशा चरित्रातून मिळणार नाही. त्यासाठी हजेरीपट, पगारपत्रके आणि ऊस-साखरेचे हिशेबच पाहावे लागतील. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावे व कृती रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेल्या. विक्रीच्या करारात बोधचिन्हाची किंमत लागते, कृतीची लागते. जुन्या हजेरीपटाची कोणी लावीत नाही, आणि म्हणूनच तो प्रथम रद्दीत जातो. लग्नकार्यांत पिढ्यान्‌पिढ्या पंक्ती उठविणाऱ्या आचाऱ्यांच्या सामानाच्या याद्या आणि हिशेबाच्या चोपड्या यांचीही तीच गत. साओ तोमेच्या दोनशे मजुरांविषयी आपणांस जे थोडे निश्चितपणे कळते, ते एका व्यापारी जाहिरातीतील ओळ शिल्लक राहिली म्हणून. आपल्या जिल्ह्यांतील कारखान्यांच्या व खानावळींच्या अशा ओळी अजून कोठे कोठे शिल्लक असतील. त्या गोळा करण्याचे काम प्रबंधाचा विषय ठरण्याची वाट न पाहता हाती घेतले पाहिजे.